बांगड्यांसकट रेकॉर्डिंग

मी घरात जे गुणगुणायचे, त्याचा माझ्या सासूबाईंना तीन महिने त्रास झाला. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना माझी एकच ओळ चालू असायची, आणि ती ओळ चार सुरांच्या पलीकडे जात नसे. एक दिवस मेथी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, याला चाल नाही का काही? कुणी गेल्यासारखं वाटतंय."

चाल होती, पण ती माझ्या वाट्याला आली नव्हती.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवते. आमच्या शाळेच्या संगीत शिक्षिका निवृत्त झाल्या, तरी आम्ही सगळे त्यांना अजून 'मिस'च म्हणतो. त्या ठाण्याला कोपरीत राहतात आणि घरच्या हॉलमध्ये बावीस जणांचा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा गट, चालवतात. बँकवाले, नर्स, एक डेंटिस्ट, अशी साधी नोकरीधंद्यातली माणसं. शाळेत असताना त्यांनी मला स्टाफरूममध्ये पेपर तपासताना गुणगुणताना ऐकलं होतं. निवृत्तीनंतर वर्षभराने त्यांचा फोन आला, "तुझा आवाज खालचा आहे. असा आवाज शोधून सापडत नाही. शनिवारी ये."

लहानपणी शाळेच्या समूहगीतात मला कायम मागच्या रांगेत उभं करायचे आणि हळू म्हण म्हणायचे, कारण आवाज घोगरा. तो आवाज कुणाला हवा असेल, हे मला पन्नाशीत कळलं. मी गेले.

मिस आमच्याकडून बरोक संगीत गाऊन घ्यायच्या. म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं, चर्चमध्ये गायचं संगीत. शब्द लॅटिन. ते मी वहीत देवनागरीत लिहून घेतले होते, ऱ्हस्व-दीर्घासकट. त्यात चार आवाज असतात आणि चौघांच्या ओळी वेगळ्या. माझा ऑल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. वरच्या बायका सुरांमधून हिंडत असतात आणि आम्ही बराच वेळ एकाच जागी उभ्या.

दिवाळीनंतर मिसनी जाहीर केलं की जानेवारीत आपण रेकॉर्डिंग करायचं, आणि तेही श्रोत्यांसमोर. ठाण्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता. कुणीतरी स्टुडिओचं सुचवलं, तर त्या म्हणाल्या, "स्टुडिओत गेलात तर चुका दुरुस्त करत बसाल. गाणार नाही."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आई, म्हणाल्या, "मी येते."

मला नवल वाटलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. कॉलनीच्या भजनी मंडळात तीस वर्षं टाळ वाजवतायत, पण चर्चमध्ये कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

"आई, दोन तास बसावं लागेल. आणि शब्द काही कळायचे नाहीत."

"न कळू देत. ती तुझी ओळ शेवटी जाते कुठे, ते तरी बघू."

माझे सासरे जिने उतरू शकत नाहीत, म्हणून नवरा त्यांच्यापाशी थांबला. सकाळी चर्चमध्ये आमची तालीम झाली, तीही रेकॉर्ड केली होती; ती आटोपून मी घरी आले आणि आम्ही दोघी गाडी करून निघालो. आईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती आणि दोन्ही हातांत संक्रांतीला भरलेल्या नव्या हिरव्या बांगड्या, एकेका हातात डझनभर.

चर्चमध्ये रेकॉर्डिस्ट आमच्या आधी येऊन बसले होते. विठ्ठलवाडीचे, चाळिशीचे गृहस्थ. एरवी कीर्तनं आणि ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करणारे. त्यांनी सगळे पंखे बंद करायला लावले आणि लोकांना हात जोडून सांगितलं, "मोबाइल बंद. खोकला आला तर गाणं संपेपर्यंत कृपा करून रोखून धरा." आईंचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मिसनी त्यांना स्वतः पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. उंच स्टँडवरचे दोन माइक बरोबर समोर.

आम्ही गायला लागलो. पहिल्या दोन गाण्यांत भीतीनं मी वहीतून डोळे वर काढले नाहीत. तिसऱ्यात जरा मान वर करून पाहिलं, तर आई मांडीवर हात मारून ताल धरत होत्या. मला इतकं बरं वाटलं की भीतीच गेली. रेकॉर्डिस्टचं मात्र काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. ते हेडफोन कानाला दाबून कपाळाला आठ्या घालत होते, दोन गाण्यांच्या मधे वाकून केबल बदलत होते.

मध्यंतर झाल्याबरोबर ते मिसकडे आले. "मिस, कुठेतरी काहीतरी किणकिणतंय. केबल बदलली, माइक बघितला, जात नाही. आणि गंमत म्हणजे ते तालात आहे."

मी आईंकडे पाहिलं. त्या बाकावरून मला पाण्याची बाटली हवी का म्हणून हात हलवून विचारत होत्या. रेकॉर्डिस्टनी तो हात पाहिला आणि डोळे मिटले.

ते आईंसमोर जाऊन अदबीनं म्हणाले, "आजी, अर्ध्या तासापुरत्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवता का?"

आईंचा चेहरा उतरला. "काचेच्या बांगड्या मी काढत नाही. हे घरी आहेत माझे."

आपल्यामुळे सगळं बिघडलं, हे त्यांना कळलं होतं आणि तरी त्या हटणार नव्हत्या, हे मला दिसत होतं. मिसनी आग्रह केला नाही. "मग मागच्या बाकावर बसता का?" असं त्यांनी हळूच विचारलं. आई लगेच उठायला लागल्या. या बाई माझ्यासाठी डोंबिवलीहून आल्या, आणि त्यांना मागे पाठवायचं?

"थांबा आई," मी म्हटलं. पण पुढे काय, ते सुचेना.

सुचलं त्यांनाच. "अगं, डोळ्याच्या ऑपरेशनला त्या नर्सबाईंनी बांगड्यांवरून पट्टी गुंडाळली होती बघ. तसं कर की."

पट्टी कुठून आणायची? मी माझा रुमाल काढला, मिसनी गळ्यातला स्कार्फ दिला, आणि रेकॉर्डिस्टनी खिशातून केबल चिकटवायची काळी कापडी टेप काढली. ते सरळ आईंसमोर गुडघ्यावर बसले आणि एकेक हात घेऊन बांगड्यांवरून कापड गुंडाळायला लागले. वरून टेप. "घट्ट नाही ना झालं, आजी?"

"नाही हो. फक्त कुस्तीला निघाल्यासारखी दिसत्येय." रेकॉर्डिस्ट हसले, मिस हसल्या. मग दुसरा हात त्यांच्याकडे देता देता आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकली गं तुझी ओळ. तुम्ही खाली धरून ठेवलंत म्हणून त्या वरच्यांना एवढं हिंडता आलं."

एवढं नेमकं आम्हाला मिसनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

दुसरा भाग फार छान झाला. शेवटचं गाणं म्हणजे एकाच शब्दाचं, 'आमेन'. एक आवाज तो उचलतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांच्या अंगावरून धावत जाऊन शेवटी एका सुरावर येऊन थांबतात. आम्ही थांबलो. रेकॉर्डिस्टनी हात वर धरला होता, म्हणून कुणी टाळी वाजवली नाही. सूर वर छतापाशी थोडा वेळ राहिला, मग विरला. त्यांनी हात खाली घेतला. टाळ्यांमध्ये आईंच्या गुंडाळलेल्या हातांचा धप्‌धप् आवाज मला वेगळा ऐकू आला.

टेप सोडवताना एकही बांगडी वाढवली नाही, याचा आनंद आईंपेक्षा रेकॉर्डिस्टना जास्त झाला.

पंधरा दिवसांनी मिसचा फोन आला. पहिल्या भागातलं किणकिणणं गाण्यात इतकं मिसळलं होतं की वेगळं काढता येत नव्हतं. सकाळच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं, ते वापरता आलं असतं. आई शेजारीच होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सकाळचंच लावा हो," आई ओशाळून म्हणाल्या. "माझ्यामुळे कशाला खराब करता?"

"आजी, सकाळी नुसतं बरोबर गायलेत सगळे. दुपारी जीव ओतून गायलेत. मी दुपारचं ठेवतेय. आणि तुम्ही तालात होतात, माझे टेनर गाणारे पुरुष नव्हते."

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही ते सगळं लावून ऐकलं. सासरे श्रवणयंत्र घालून आरामखुर्चीत बसलेले. नवऱ्यानं कुठूनसा मोठा स्पीकर आणलेला. आई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच सासरे म्हणाले, "यात तू कुठली?" तेव्हा मी सांगायच्या आत आईंनी माझी ओळ हळू आवाजात गाऊन दाखवली. लॅटिन शब्द सगळे चुकीचे, सूर चोख.

'आमेन' संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"शेवटाकडे तू जरा लवकर शिरलीस, नाही का?"

शिरले होते. मिसनाही कळलं नव्हतं. मी कबूल केलं. "हो आई. अर्धी मात्रा."

"होतं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.