वाफवाल्या मावशीचं मेणाचं फडकं

वाफवाल्या मावशीनं साहेबाच्या डोक्यात तांब्याची नळी घातली, ही बातमी आमच्या जिन्यावर दुधाच्या आधी पोचली. तिसऱ्या मजल्यापर्यंत जाताजाता साहेबाला सहा टाकेही पडले. साफ खोटं! नळी तिनं टेबलावर आपटली. फुटला तो साहेबाचा कप.

बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी बनवणाऱ्या कारखान्यात मावशीची सव्वीस वर्षं गेली. बॉयलरची वाफ गार नळ्यांना भिडते, तिचं पाणी होऊन टाकीत पडतं. दर सोमवारी मावशी त्या नळ्यांवरून मेणाचं फडकं फिरवायची. इतकं हलकं, की मेण दिसूही नये. नवा साहेब आला त्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "माझ्या नळ्यांना हात लावू नका." मावशी दाढ काढायला दोन दिवस रजेवर काय गेली, साहेबानं कळकट फडकं फेकलं आणि नळ्या काचपेपरनं खसाखसा घासून घेतल्या.

पाणी निम्म्यावर आलं. साहेबानं मावशीपुढे कागद सरकवला: निष्काळजीपणा माझा, नोकरी सोडते. खाली तिचं नाव टाइप करून तयार.

"सही करा, मावशी. उगाच तमाशा नको."

मावशीचा सुजलेला गाल आणखी फुगला. कपाटामागून तिनं मेण लावलेली एक जास्तीची नळी ओढली, एक घासलेली घेतली, दोन्हींत गार पाणी भरून बुचं ठोकली आणि साहेबाच्याच चहाच्या किटलीच्या वाफेवर धरल्या. मेणाच्या नळीवर थेंब धरले, टपोरे झाले, घरंगळले. मागे तांबं पुन्हा उघडं. घासलेलीवर पाणी ओरखड्यांत शिरून पसरलं आणि तिथंच चिकटून राहिलं.

"पाण्याचं पांघरूण घेऊन बसलीय ही! आतला गारवा वाफेला लागणार कसा?" असं ओरडत तिनं ती नळी दाणकन आपटली. बूच उडालं. कप गेला, कागद भिजला, साहेबाची मांडीही.

"पण मावशी, स्वच्छता नावाची काही गोष्ट..."

"माझं बोलणं तुमच्या डोक्यावरून घरंगळतं ना, साहेब, तसं पाणी नळीवरून घरंगळायला हवं. कागदावरचं माझं नाव खोडा, तुमचं घाला आणि खुशाल सही करा."