कॉम्प्युटरात अडलेली माझी बंडी

आता वय झालं, लपवून काय करू? नेरच्या कापूस खरेदीच्या लाइनीत मी जो गाढवपणा केला, तो आजही कॉम्प्युटरात जमा आहे.

त्या सालांत कापसाले कोणी विचारत नव्हतं. बैलांची बंडी घेऊन गेलं की तीन-तीन दिवस लाइनीत. माझी नात सोनल इंजिनिअरिंगले होती. तिनं कॉलेजसाठी ती लाइनच कॉम्प्युटरात उभी केली. कोणतं वाहन कधी आलं, कधी सरकलं, कधी रिकामं झालं, एकेक घटना धरून कॉम्प्युटर लाइन पुढं चालवते म्हणे. चालवू दे. आम्ही उन्हातच.

तिनं विचारलं, "आबाजी, 'पुढं घ्या' म्हटलं की ट्रॅक्टर काय करते, बंडी काय करते?"

"काय करते म्हंजे? पुढं जाते. सगळे सारखेच. कायले डोकं खाऊन राह्यली?"

तिचं म्हणणं, हुकूम एकच ठेवायचा, पण तो पाळायची रीत ज्याची त्याच्यापाशी. त्याले पॉलिमॉर्फिझम म्हणतात. मी म्हटलं, चाळीस वर्षं बंडी हाकून राह्यलो, मले नको शिकवू. बिचारीनं ऐकलं. सगळ्यांले एकच रीत लावली.

सरांनी काम परत केलं. तुझी लाइन दुपारीच संपते, खरी तीन दिवस चालते. सोमवारी दुरुस्त करून आण, नाही तर नापास.

मग पोरगी घड्याळ घेऊन लाइनीतच आली, माझ्या बंडीपाशी बसली. मी म्हटलं, पाह्य आता, आपली बंडी ट्रॅक्टरच्या मागोमाग कशी जाते.

फाटकावरून आवाज आला, "पुढं घ्या!" समोरचा ट्रॅक्टर गेला. मी बैल हाकायची तुतारी उचलली, तर जू रिकामं! बैल मीच सकाळी सोडून पार तिकडं हौदापाशी बांधलेले. धावत गेलो. एक उठला, दुसरा रवंथ करत बसून. शेपूट पिळली, तरी साहेब बसूनच. मागचे बोंबलून राह्यले. तेवढ्यात चौकीदार म्हणाला, "बुढ्या, तुझ्यापायी लाइन अडली."

हे ऐकून घेऊ? बैल तिथंच टाकून मी त्याच्याशी भांडायले उभा!

सोनल वहीत लिहून राह्यली होती. "आबाजी, भांडण साधारण किती वेळ चालते?"

"समोरच्यावर आहे," मी म्हटलं.

पोरगी पास झाली. आता कॉम्प्युटरात ट्रॅक्टरची रीत वेगळी, बंडीची वेगळी. फक्त सरांनी विचारलं म्हणे, बाकीच्या बंड्या बैल जुंपून सरकतात, ही एकच अर्धा तास काहून अडते? काही चुकलं का?

सोनल म्हणाली, "चुकलं नाही सर. ते आमचे आबाजी आहेत."