डावीकडची खाडी

आमचे हे अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्या बेटांमध्ये एकदा जाऊन आले होते, माझ्याशिवाय. त्या उन्हाळ्यात माझ्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी पुण्याला गेले होते. नागपूरच्या हॉस्टेलवर ह्यांच्या खोलीत राहिलेला आणि पुढे डॉक्टर होऊन श्रूजबरीला स्थायिक झालेला ह्यांचा मित्र म्हणाला, चल, गाईड बरोबर असते, एक दिवस जंगलात चालायचं, एक दिवस कयाक वल्हवायची, आपण फक्त हातपाय हलवायचे. दोघे गेले. मी परतले तेव्हा ह्यांचे दंड अजून दुखत होते. कसं झालं विचारलं तर म्हणाले, "छान. पाऊस फार होता." एवढंच. आम्ही दोघंही कमी बोलणारे. इकडे परदेशात, बॉथेलच्या घरात दोन खुर्च्या, दोन दिवे आणि दोघांच्या हातांत दोन पुस्तकं, असा आमचा संसार झाला, आणि मला तो पुरेसा वाटत आला होता.

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्या मित्राचा फोन आला. मी त्यांना भावजी म्हणते.

"वहिनी, मी परत जातोय तिकडे. ही पण येतेय. तुम्ही चला."

"मला पोहता येत नाही."

"पोहायचं कुठे आहे? बसायचंय." मग थोडं थांबून म्हणाले, "त्याला आवडलं असतं."

ते वाक्य मला लागलं. ह्यांना काय आवडलं असतं हे मला दुसरं कुणीतरी सांगत होतं, आणि त्या दिवसांपुरतं तरी त्या माणसाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझ्याकडे त्या सहलीतलं काय होतं? पाऊस फार होता, एवढंच. बाकी सगळं भावजींकडे. मी हो म्हटलं ते समुद्र बघायला नव्हे. मला ते दिवस त्यांच्याकडून परत घ्यायचे होते.

आमची गाईड त्याच भागात वाढलेली एक तरुण मुलगी होती. पहिल्याच संध्याकाळी तंबू लावून झाल्यावर तिने एक जाड प्लास्टिकचं पिंप मध्ये ठेवलं आणि सांगितलं की वास येणारी प्रत्येक वस्तू ह्यात टाका, टूथपेस्टसुद्धा. तंबूत काही ठेवलंत तर अस्वल विचारायला येईल. आम्ही टाकलं. झाकण लावण्याआधी तिने भावजींच्या बायकोकडे बघून नाक जरासं वर केलं.

"डॉक्टर, ही पोरगी माझ्याकडे का बघतेय?" भावजींची बायको नवऱ्याला डॉक्टरच म्हणते, लग्नापासून.

"तुझ्या खिशातली लसणाची चटणी बाहेर काढ, म्हणून."

"झिपलॉकमध्ये आहे ती."

"अस्वलाला झिपलॉक उघडता येतं."

तिने चटणी पिंपात टाकली, पण एखादं लेकरू हॉस्टेलला सोडावं तशी. मला हसू आलं. मग भावजी म्हणाले, "त्याने मागच्या वेळी ओव्याची डबी अशीच लपवली होती. आतल्या खिशात. गाईडने पकडला." माझं हसू जागीच थांबलं. ओव्याची डबी मीच भरून दिली होती. ती पकडली गेल्याचं मला आत्ता कळत होतं.

तिथल्या जंगलात गप्प चालायचं नसतं. वाटा अस्वलांच्याच असतात, आपण त्यांवरून जातो, तेव्हा वळणावर आवाज करत जायचं म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. गाईड टाळ्या वाजवायची, काहीबाही ओरडायची. झाडांवरून शेवाळाच्या जटा लोंबत होत्या, पायाखाली जमीन स्पंजासारखी दबत होती, आणि अशा ठिकाणी आवाज चढवायचं माझ्या जिवावर येत होतं. गाईड दोनदा मागे वळून म्हणाली की तू फार शांत आहेस, तू येतेयस हे कुणाला कळणार नाही.

"त्याचंही पहिल्या दिवशी असंच झालं," भावजी मागून म्हणाले. "मग त्याने पाढे सुरू केले."

"कसले पाढे?"

"तेरा एके तेरा. मोठ्याने. एकोणतीसपर्यंत गेला गडी. मी अडलो की पुढे ओढून न्यायचा. असा खणखणीत आवाज लागायचा त्याचा, तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत नव्हतं. आमच्या घरात ह्यांचा आवाज दुसऱ्या खोलीतसुद्धा कधी नीट पोचला नाही. जेवायला हाक मारायची तर दारात येऊन उभे राहत. आणि इथे, ह्या ओल्या झाडांमध्ये, ते सतरा नवे त्रेपन्नासे ओरडत गेले होते. मी पुढे चालत राहिले. डोळ्यांसमोर सगळं होतं, आणि ते सगळं दुसऱ्याचं होतं.

आणखी एक गोष्ट मला त्या वाटेवर खुपायला लागली. भावजी ह्यांच्याबद्दल बोलता बोलता मध्येच ह्यांच्याशीच बोलायचे. एखादा ओंडका दिसला की, "अरे, इथेच बसला होतास ना लेका," असं हवेत म्हणायचे. सहज, सवयीने. मी आयुष्यभर अहो म्हणत आले. आमच्या वेळी तसंच होतं, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण ह्यांना अरे म्हणण्यातली जी सलगी असते ती मी कधी चाखली नाही, हे मला त्या ओंडक्यापाशी कळलं, आणि ज्याने ती चाखली तो माझ्यामागे दोन पावलांवर घाम पुसत उभा होता.

कयाकचा दिवस आला. कयाक, म्हणजे वरून झाकलेल्या अरुंद होड्या, दोन माणसांच्या होत्या. कमरेला एक रबरी घेर बांधून तो बसायच्या भोकाच्या कडेला अडकवायचा असतो, म्हणजे पाणी आत येत नाही.

"ह्या वयात मला परकर नेसवला," भावजींची बायको म्हणाली. "आणि मी डॉक्टरांबरोबर बसणार नाही. गाडीत बसले तरी आमचं भांडण होतं, इथे तर वल्ही हातात आहेत. मी गाईडबरोबर. ताई, तुम्ही बसा डॉक्टरांबरोबर."

भावजी पुढच्या जागेत बसले. "तुम्ही मागे, वहिनी. तो मागेच असायचा. पायाशी दोन पेडल आहेत बघा, त्यांना दोऱ्या बांधल्यात, मागच्या सुकाणूला. डावं दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. पण जोरात नाही. नुसतं टेकवल्यासारखं. तो तसंच करायचा."

पाणी काळं आणि गुळगुळीत होतं. पाऊस पडतोय की धुकं खाली आलंय ते सांगता येत नव्हतं. गाईड मला पेडलचं अंतर लावून देऊन पुढे गेली. मी डावा पाय टेकवला. कयाकचं नाक अगदी सावकाश, जणू विचार करून, डावीकडे गेलं. मी उजवा टेकवला. मग पुन्हा डावा, थोडा जास्त वेळ.

तेव्हा मला तो पाय ओळखू आला.

शेवटच्या आठवड्यांत ह्यांना घरीच ठेवलं होतं, खालच्या खोलीत. बोलणं बंद होत गेलं होतं. पांघरुणाखाली ह्यांचे पाय हलत असायचे. डावा, उजवा, मग डावा, अलगद, काहीतरी दाबत असल्यासारखे. मला वाटलं अंगात उष्णता झाली, जिवाची तगमग होतेय. आमच्याकडे अशा वेळी जे करतात ते मी केलं. काशाची वाटी काढली, तळपायाला तूप लावलं आणि वाटीने घासत बसले, तूप काळं होईपर्यंत. घासलं की पाय थांबायचे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचे. मी पुन्हा वाटी घ्यायची. नर्स कौतुकाने बघायची आणि ते काय आहे म्हणून विचारायची. मी सांगायची, उतरते उष्णता ह्याने.

उष्णता नव्हती ती. हे कयाक चालवत होते.

मी भावजींच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांच्या जाकिटावर पावसाचे थेंब बसले होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ह्या पाण्याबद्दलची ही एकच गोष्ट होती जी त्यांच्याकडे नव्हती आणि माझ्याकडे होती. मी ती दिवसभर एखाद्या उबदार दगडासारखी जवळ ठेवली. ते बोलत राहिले, इथे त्याने टोपी पाडली, इथे आम्हाला व्हेल दिसला, आणि पहिल्यांदाच मला त्यांचं बोलणं ऐकवलं.

संध्याकाळी तिथे उजेड फार वेळ रेंगाळतो. जेवण झालं होतं, बायका म्हणजे आम्ही दोघी भांडी घासत होतो, आणि भावजी दगडावर बसून चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, शेवटी शेवटी कधी इथलं काही बोलला का तो?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"कधीच नाही?"

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. ते आजारपणात एकदा येऊन गेले होते, मग शेवटाला पोचले नाहीत. मला वाटलं, भावजींनाही माझ्याकडचं काहीतरी हवंय. आणि हे कळल्याबरोबर मला दया आली म्हणावं, तर तसं नाही. मला ते दाखवावंसं वाटलं. माझ्याकडे काय आहे ते.

मी सांगितलं. पाय, पेडल, काशाची वाटी, सगळं.

भावजी डॉक्टर माणूस. औषधांनी होतं असं, असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. कप खाली ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी ओळखला. आल्यापासून मी तोच चेहरा घेऊन हिंडत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

मग त्यांनी मान वर केली. "कुठला पाय जास्त?"

"म्हणजे?"

"डावा की उजवा? जास्त वेळ कुठला दाबायचा?"

मी आठवलं. वाटी मी नेहमी डाव्याच पायाला आधी लावायची. "डावा."

"मग तो खाडीत शिरत होता," भावजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "उद्या जाताना डाव्या हाताला लागते. छोटी खाडी आहे, तोंड एवढंसं. त्या वेळी तो न सांगताच आत वळला, गाईड ओरडली होती आम्हाला. तिथेच, वहिनी. शंभर टक्के तिथेच."

गेली. माझ्या हातातली एकुलती एक गोष्ट त्यांनी घेतली, उलटून बघितली आणि तिच्यावर पत्ता लिहून टाकला. मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

"स्वच्छ आहे ते, ताई," भावजींची बायको हळूच म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही जरा तंबूत जा बघू."

"मी काय केलं?"

"काही नाही केलं. जा."

सकाळी मी गाईडला म्हटलं, आज मला जागा बदलायच्यात, आणि वाटेतल्या खाडीत थोडा वेळ जाऊन यायचंय. तिने भरतीचं गणित बघितलं आणि चालेल म्हणाली. भावजींना तिने आपल्या पुढे बसवलं. त्यांची बायको माझ्या पुढे बसली.

"वल्हवायची अपेक्षा ठेवू नका हं माझ्याकडून," ती म्हणाली. "मी बघायला आलेय."

खाडीचं तोंड खरंच एवढंसं होतं, दोन खडकांमध्ये. मी डावा पाय टेकवला आणि टेकवूनच ठेवला. कयाक वळली. आत गेल्यावर बाहेरचा सगळा आवाज बंद झाला. पाणी इतकं स्थिर होतं की झाडं खालीही होती. एक मोठं झाड किनाऱ्यावरून पाण्यात आडवं पडलेलं, त्याच्या अंगावर लहान झाडं उगवलेली. मी वल्हं आडवं ठेवलं आणि पाय सोडून दिले.

"इथे काय आहे, ताई?"

"माहीत नाही."

पडलेल्या झाडाजवळ पाण्यातून एक गोल डोकं वर आलं. सील होता. ओले मोठे डोळे, मिशा, आणि आमच्याकडे बघणं असं की आम्हीच त्याच्या घरी उशिरा आलो होतो. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग आवाज न करता खाली गेला.

मी मागे वळून बघितलं. दुसरी कयाक आत आली नव्हती. ती तोंडाशीच थांबली होती आणि भावजी आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसले होते. गाईड मागून त्यांना काहीतरी विचारत होती. ते नुसती नकारार्थी मान हलवत होते.

आम्ही बाहेर आलो. त्यांच्या जवळून जाताना भावजींनी विचारलं, "कसं आहे आत?"

ते आत जाऊन आलेले होते. एकेक खडक त्यांना पाठ असणार. पण त्यांनी असं विचारलं की जणू त्यांनी ती खाडी कधी पाहिलीच नाही.

मी सांगितलं. पाणी स्थिर आहे. एक झाड पडलंय, त्याच्यावर दुसरी झाडं आलीयत. झाडं पाण्यातही दिसतात.

"अच्छा," ते म्हणाले. "आणि?"

"आणि काही नाही."

पुढे बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वळवून माझ्याकडे बघितलं. सील तिनेही पाहिला होता. मग ती परत पुढे वळली आणि त्या सहलीत पहिल्यांदाच वल्हं पाण्यात घातलं.