राजधानी कोणती?

काहीही विचारा, तो आधी बोटांच्या पेरांवर महिने मोजायचा आणि मग म्हणायचा, "ते महिन्यावर आहे, जी."

इंदूरच्या तुरुंगात मी रविवारी कैद्यांना वाचायला शिकवत असे. हा कैदी शिकलेला, तरी मागे येऊन बसे. मध्य भारत राज्याची राजधानी तेव्हा उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. दर फेरीला सरकारी दफ्तर पेट्यांत भरून रेल्वेने जाई. त्या पेट्या भरणारा हा कारकून. एकदा त्याने कचेरीच्या काचा फोडल्या. शिक्षा थोडीच होती, ती संपलीही. पण डोकं ठिकाणावर असल्याचा निर्वाळा डॉक्टर देईपर्यंत सुटका नव्हती.

त्याला वारलेल्या बायकोच्या हाका ऐकू येत. मग तो भिंतीवर डोकं आपटी. तुरुंगाच्या दवाखान्यात औषधाची एकच बाटली. खोकल्याला तीच, या हाकांनाही तीच. "खोकला मात्र गेला," तो कौतुकाने सांगे.

वेड तपासणारे डॉक्टर क्वचितच येत. त्यांचा प्रश्नही एकच.

"राजधानी कोणती?"

"ते महिन्यावर आहे, जी."

"एकच सांगा."

"एकच असती तर मी पेट्या कशाला भरल्या असत्या?"

उत्तर बरोबर होतं, हे तुम्हांआम्हां इंदूरकरांना ठाऊक. डॉक्टर म्हणाले, "भ्रम कायम आहे."

पहाऱ्यावरचा शिपाई कळवळला. "अरे भिया, बस इंदूर बोल ना! तेरा क्या जाता है?" कारकुनाने ते घोकून घेतलं. डॉक्टर पुन्हा आले ते ऐन थंडीत.

"इंदूर!" हा ताठ उभा राहून म्हणाला.

"सरकार केव्हाच ग्वाल्हेरला गेलं," डॉक्टर हळहळले. "एवढंही भान नाही."

मला राहवेना. "साहेब, त्यांना हाका ऐकू येतात. तेवढं विचारा ना."

"ते तपासणीत येत नाही, मास्तर."

पुढच्या खेपेला तो काहीच बोलला नाही. मान कलती करून कुणाचं तरी ऐकत राहिला आणि मंद हसला. डॉक्टर खूश झाले. "वाद घालत नाहीत. पुष्कळ सुधारणा आहे." आणि त्याला सोडलं.

न्यायला कुणी नव्हतं, म्हणून मी टांगा घेऊन गेलो. तो लगेच चढला नाही. बाजूला सरून त्याने हात पुढे केला, "सांभाळून" म्हणाला, जरा थांबला आणि मग स्वतः अगदी कडेला टेकला.

"मास्तर, जागा कमी पडतेय. तुम्ही पुढे बसाल का?"

मी टांगेवाल्याशेजारी बसलो. सियागंजचा बाजार येईपर्यंत मागे हळू आवाजात बोलणं चाललं होतं.