कंदिलाचं तोंड

गाडीच्या मागच्या कंदिलाचं तोंड मी फिरवलं. वर, मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी गाडीत येऊन बसले. वय सोळा; अक्कल त्याहून बरीच लहान.

कल्याणहून शहाडला चाललो होतो, सासूबाईंच्या बहिणीकडे बारशाला. सासूबाई, मी आणि माझा तीन महिन्यांचा मुलगा. बैल हाकायला घरचे म्हातारे आगरी गाडीवान. सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन मागच्या फळीला टेकलेल्या, मी त्यांच्यासमोर. निघायला उशीर झाला (माझ्या वेणीपायी, आता सांगायला हरकत नाही), म्हणून वाटेतल्या विहिरीपाशीच दिवेलागण झाली.

गाडीवानबाबांनी कंदील पेटवला. तीन बाजूंना पत्रा, एका बाजूला लाल काच. तो टांगायचा त्यांचा नेम सरकारी कायद्याहून कडक होता. मागे, उजव्या अंगाला. लोंबत्या पेंढ्याआड जाईल इतका वर नाही, चिखल उडेल इतका खाली नाही. आणि काच मागे.

मग ते बैलांना पाणी पाजायला गेले, आणि मला सुचलं! आम्ही चाललोय उत्तरेला. म्हणजे दिव्याचं तोंड दक्षिणेला. यमाकडे! महिन्यापूर्वीच तुळशीपुढच्या दिव्याची वात दक्षिणेला झाली म्हणून सासूबाईंनी मला दिवसभर ऐकवलं होतं. आत्ता त्यांचा डोळा लागला होता. मी हळूच उतरले आणि कंदील खुंटीवरच उलटा फिरवला. फळ्यांच्या फटीतून लाल उजेड बाळाच्या गालावर पडला. काय गोड दिसलं म्हणून सांगू! गाडीवानबाबा आले ते थेट पुढे चढले. मागे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

नदीकडचा उतार लागला. धुकं आणि चुलींचा धूर रस्त्यावर उतरलेला. उजेड माझ्याच डोळ्यांवर येत होता, त्यामुळे पलीकडे नुसता काळोख. त्यातून घुंगरं ऐकू आली. स्टेशनकडून येणारा टांगा असणार, भरधाव. येऊ दे, बाजूने जाईल.

घुंगरं बाजूला जाईनात. नेमकी आमच्याच मागे वाजत राहिली, जवळ, आणखी जवळ. तेव्हा कळलं, टांगेवाल्याला आम्ही दिसतच नव्हतो. त्याच्याकडे होता तो काळा पत्रा, आणि फळीच्या या बाजूला माझं बाळ.

फळीवरून हात घालून कंदील फिरवायला गेले. तापलेल्या पत्र्याने बोटं भाजली, कडी खुंटीत अडकून बसली. घोड्याचा श्वास ऐकू आला. मी सासूबाईंचा अंबाडा दोन्ही हातांनी धरला आणि त्यांना बाळासकट पुढे खेचलं.

फळी फुटली. टांग्याचा दांडा आत आला तो त्या टेकल्या होत्या तिथेच. बैल बिथरले, पेंढा उडाला, कंदील खाली पडून विझला. अंधारात बाळाचा आवाज नाही. मी चाचपडत होते; हाताला अंबाडा लागला, खांदा लागला, बाळ काही लागेना. किती वेळ? चार श्वास असतील. अजूनही कधी कधी ते मोजत बसते. मग सासूबाईंच्या पदराखालून त्याने जे भोकाड पसरलं!

टांगेवाला उडी मारून उतरला. "अहो, मागे दिवा नको का?"

"लावलेला ना मी!" म्हणत गाडीवानबाबांनी कंदील उचलून पुन्हा पेटवला. त्याची कडी उलट्या बाजूने वाकलेली बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गो बाय, ह्यो दिवा आपल्याला दिसाया नाय, मागल्याला आपून दिसाया!"

मी रडत रडत दक्षिणेचं सगळं सांगितलं. सासूबाई सुटलेला अंबाडा बांधत ऐकत होत्या. गाठ काही बसेना. बाळाला त्यांनी माझ्याकडे दिलं नाही. शेवटी म्हणाल्या,

"तुळशीपुढचा दिवा तू लावत जा हो. गाडीचा यापुढे मी बघेन."