कपभर चहा आणि कॅटमरान

मुलुंड पूर्वेला समुद्र नाही. खाडी आहे, मिठागरं आहेत, आणि भरतीच्या वेळी येणारा एक वास आहे, ज्याला तिथले लोक मोठ्या मनाने खारा वारा म्हणतात. तरीही भाड्याने मिळणाऱ्या कॅटमरान बोटींबद्दलचा जगातला शेवटचा शब्द मुलुंड पूर्वेलाच, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, बनियन घालून बसलेला असे, हे मी छातीठोकपणे सांगतो. हा शेवटचा शब्द म्हणजे माझे चुलतसासरे. कॅटमरान म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगायचं तर, दोन अरुंद होड्या थोड्या अंतरावर शेजारी शेजारी ठेवायच्या, वर सपाट गच्ची टाकायची, गच्चीवर दिवाणखाना मांडायचा, होड्यांच्या पोटात निजायच्या खोल्या करायच्या आणि मधोमध उंच डोलकाठी उभी करायची. साधी शिडाची होडी वाऱ्याने कलते, ही कलत नाही. एवढ्या ज्ञानावर कोणीही सज्जन माणूस सुखाने आयुष्य काढू शकतो. काकांनी त्यावर चार वह्या भरल्या होत्या. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'चाल' आणि उजवीकडे 'सुख'. बोटीत या दोनच गोष्टी बघायच्या असतात आणि एक वाढली की दुसरी घटते, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो फक्त बोटींपुरता ठेवण्याचा समंजसपणा त्यांच्याकडे नव्हता. रिक्षा, सोफा, लग्नाचे हॉल, दाताचे डॉक्टर, सगळ्यांना दोन्ही रकान्यांत गुण मिळत. माझ्या लग्नात मला नखशिखान्त न्याहाळून ते सासऱ्यांना म्हणाले होते, "रुंद आहेत. कलणार नाहीत. चालीचं मात्र काही सांगता येत नाही." सासरे हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला अर्थ कळला नव्हता.

अर्थ पहिल्याच हिवाळ्यात कळला. एका रविवारी सकाळी फोन आला. "जावईबापू, तुमचं वजन किती?" मी संकोचून आकडा सांगितला. "छान. साडेसातला गाडी घेऊन या. गेटवेला जायचंय." भाड्याची बोट रिकामी तपासण्यात अर्थ नसतो, माणसं बसली की ती कशी वागते ते बघावं लागतं, आणि माझ्यासारखा जावई हा दीड माणसाच्या हिशेबात धरता येतो, असं त्यांनी वाटेत समजावून सांगितलं. परत आल्यावर घाटकोपरला आमच्या घरी मी बायकोपुढे निषेध नोंदवला. ती म्हणाली, "जा ना रे, काय होतं? काकांना इथे कोण आहे दुसरं? आणि तसंही तू घरी नुसता लोळतोस. तिथे लोळ." थोडक्यात, सात वर्षं मी मुंबई बंदरातल्या यच्चयावत कॅटमरानवर वजन म्हणून काम केलं आहे. कधी मला पुढच्या जाळीवर बसवत, कधी मागच्या पायरीवर, आणि एकदा चालू बोटीत डावीकडून उजवीकडे हळूहळू चालत जायला लावलं होतं. बोटीला काही फरक पडला नाही, याची त्यांनी समाधानाने नोंद केली.

काका मूळचे लिफ्टवाले. पस्तीस वर्षं त्यांनी उपनगरांतल्या लिफ्ट चालत्या ठेवल्या. लिफ्ट कधी सुटली आणि कधी थांबली हे आतल्या माणसाला कळता कामा नये, हा त्यांचा धर्म. रुपयाचं नाणं लिफ्टमध्ये कडेवर उभं करायचं, आणि तळमजल्यापासून सातव्यापर्यंत ते पडलं नाही तरच सही करायची. आमच्या बिल्डिंगमध्ये आले की निवृत्तीनंतरही डोळे मिटून, चपला काढून लिफ्टमध्ये उभे राहत आणि वर पोचल्यावर 'कसे आहात'च्या आधी सांगत, "चौथ्या मजल्यापाशी घासतेय. सेक्रेटरीला सांगा." यंत्राचं सगळं त्यांना तळपायातून कळत असे. शेजारी उभ्या माणसाला घाई आहे, हे मात्र कधी कळलं नाही.

पण हे वेड लिफ्टमधून समुद्रात कसं उतरलं, याला कारण आमच्या काकू. कॉलेजात असताना काका एनसीसीच्या नौदल विभागात होते. शिडाची होडी हाकायला शिकले आणि त्यात पुरते बुडाले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोठ्या हौसेने नवी नवरी घेऊन मित्राच्या शिडाच्या होडीतून बंदरात गेले. वारा भरला, होडी कलली, काकूंची एक चप्पल आणि नारायणपेठी साडीचा काठ समुद्राने नेला. काठावर पाय टेकताच काकूंनी जाहीर केलं, "आता परत नाही." अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी शब्द पाळला. सख्खी बहीण अलिबागला, पण काकू तिच्याकडे लाँचने गेल्या नाहीत. दर वेळी पनवेल, पेण करत एसटीने अर्ध्या रायगड जिल्ह्याला वळसा घालून जात. काकांनी निष्कर्ष काढला की हिला बोट लागते. माणसाला बोट लागत असेल तर दोष माणसाचा नसतो, बोटीचा असतो. लिफ्टमध्ये कोणाला गरगरलं तर आपण त्याला दोष देतो का? तेव्हा न हलणारी बोट शोधायची आणि मरायच्या आधी एकदा, इंजिन बंद करून, हिला भरल्या शिडाखाली बसवायचं. त्यांना आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. ती ते दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत, फक्त काकूंना सोडून.

समुद्रावर रुपया कडेवर उभा राहत नाही, म्हणून काकांनी त्याच्या जागी चहा घेतला. काकूंचा रोजचा निळ्या फुलांचा कप, त्यात आतून पेन्सिलीची रेघ, रेघेपर्यंत चहा. बोट सुटली की कप टेबलावर ठेवायचा आणि एकटक बघत बसायचं. त्या चहाला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा विसरून घोट घेतला, तर बोट पुन्हा धक्क्याला लावायला सांगायची त्यांची तयारी होती. आता या भाड्याच्या बोटींवर कोण येतं? वाढदिवसवाले, लग्नाआधीचे फोटो काढणारे, ऑफिसातून पळून आलेले. त्यांना समुद्राशी कर्तव्य नसतं, पाठीमागे समुद्र दिसण्याशी असतं. त्यांच्यात हे पंच्याहत्तरीला टेकलेले गृहस्थ, रेघेपर्यंत भरलेला कप, आणि दीड माणसाचा जावई. अशाच एका बोटीचा, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला वेसावकर कॅप्टन पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "काका, बड्डे आहे काय?"

"नाही."

"मग अॅनिव्हर्सरी?"

"नाही."

"मग काय सेलिब्रेट करताय?"

"चहा," काका म्हणाले. "शीड कधी उघडणार?"

कॅप्टनने त्यांच्याकडे फार करुणेने पाहिलं. भाड्याच्या कॅटमरानवर शीड हे घरातल्या शोकेसमधल्या टी-सेटसारखं असतं. असतं, चांगलं असतं, पण काढत कोणी नाही. "काका, शीड उघडलं की सावली फिरते. लोकांचे फोटो खराब होतात. मग ते रिव्ह्यू खराब देतात." त्यावर काकांनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. या बोटीत एसी, फ्रीज, जनरेटर, दोन टाक्या पाणी आणि तीन मजली केक भरून तुम्ही तिची म्हैस केली आहे. ती वाऱ्याच्या तोंडावर जाणार कशी? दोन होड्यांच्या मधे लाटा खालून थपडा मारतात त्या ऐकू येतात का? हिचं डुलणं लांब नाही, हिचा झटका आखूड आहे, आणि आखूड झटका माणसाला जास्त लागतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? वाढदिवसाची मुलगी मधेच येऊन म्हणाली, "अंकल, प्लीज थोडं साइडला व्हा ना, फ्रेममध्ये येताय." काका साइडला झाले आणि वहीत लिहिलं: चाल तीन, सुख सात, केक वाईट.

मागच्या अधिकमासात तर कहर झाला. जावयाला वाण द्यायचं म्हणून काकूंनी तेहतीस अनारसे केले, आणि चांदीचं भांडं आणायला काकांना पाठवलं. काका परतले ते नारिंगी लाइफ जॅकेट घेऊन. त्यावर कुंकवाचं बोट लावून, त्याच्या दोन्ही खिशांत मावतील तितके अनारसे भरून त्यांनी ते मला दिलं. "भांडं काय, कपाटात पडून राहतं. हे तुमच्या मापाचं मिळत नव्हतं, मुद्दाम मागवलं." काकूंनी कपाळाला हात लावला. माझ्या बायकोने मात्र ते घालून काढलेला माझा फोटो सगळ्या माहेरात फिरवला.

एवढं करून काका कुठल्याही बोटीला पसंती देत नव्हते. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, चहा सांडत नाही, बोट कलत नाही, आता काय हवं?" त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तेच खटकतं हो. कलणारी होडी निदान सांगते, बाबा रे, मला वारा झेपत नाही. माणूस शीड कमी करतो. ही शेवटपर्यंत काही सांगत नाही. वर सगळं शांत, कपातला चहासुद्धा शांत. आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो." मी भुकेलो होतो, त्यामुळे या चिंतनाकडे लक्ष दिलं नाही.

मग इंदूरला नोकरी करणाऱ्या काकांच्या मुलाचा फोन आला. आईचे गुडघे, बाबांचं वय, तिसरा मजला; जूनमध्ये कायमचं इकडे या. गंमत म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट सांभाळणाऱ्या काकांच्या स्वतःच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. नाही म्हणायला जागा नव्हती. इंदूरला पोहे आहेत, सराफा आहे, सगळं आहे, पण शिडाखाली बसवायला समुद्र नाही. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे मे संपायच्या आत काय ते करायला हवं होतं. काकांनी तीन दिवस वह्या चाळल्या, आणि त्यातल्या त्यात बरी म्हणून त्या वेसावकराचीच बोट अख्खी ठरवली. काकूंना विचारायचं काम माझ्यावर आलं. मी वाक्य जुळवून गेलो होतो. काकू लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती वाजता निघायचंय?"

सकाळी पाणी शांत असतं म्हणून काकांनी सकाळ धरली. शीड भरणारा वारा दुपारनंतर येतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी सकाळच धरली. काकू दिवाणखान्यात खिडकीशी बसल्या, समोर निळ्या फुलांचा कप, समोर काका. बंदराबाहेर पडल्यावर कॅप्टनने भलंथोरलं पांढरं शीड वर चढवलं. इंजिनाचा आवाज खाली गेला. इतकी वर्षं वजन म्हणून हिंडलो, पण शीड पूर्ण चढलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. नंतर मागच्या पायरीवर गेलो, तर डावीकडच्या नळीतून पाण्याची चूळ पडतेय. म्हणजे एक इंजिन चालूच होतं. मी कॅप्टनकडे पाहिलं. तो कानाशी येऊन हळूच म्हणाला, "साहेब, वाराच नाय. बंद केलं तर बोट जागेवर डुलत राहील, मावशींना त्रास होईल. काकांना सांगू नका ना यार." सांगण्याची गरज पडणार नाही, याची मला खात्री होती. चौथ्या मजल्यावरचं घासणं ज्या तळपायांना कळतं, त्यांना हे कळायला किती वेळ? मी लगबगीने आत गेलो. काका कपाकडे बघत होते. कपाकडून काकूंच्या चेहऱ्याकडे, चेहऱ्याकडून पुन्हा कपाकडे. दोन तास. एकदाही त्यांनी वर शिडाकडे पाहिलं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर काका कॅप्टनचा हात हातात घेऊन उभे होते. काकू माझ्या आधाराने पुढे चालत होत्या. जरा पुढे आल्यावर म्हणाल्या, "इंजिन चालू होतं ना हो?"

मी दचकलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"अठ्ठेचाळीस वर्षं लिफ्टवाल्याशी संसार केलाय. माझ्याही पायांना कळतं." मग म्हणाल्या, "यांना सांगू नका."

"पण काकू, त्रास नाही ना झाला? मळमळलं वगैरे?"

"मला कधीच मळमळलं नव्हतं. तेव्हाही नाही. तेव्हा होडी कलली, मी घाबरले, तीन हाका मारल्या. यांचं लक्ष शिडात. चप्पल गेली, साडी गेली, यांना पत्ता नाही. काठावर आल्यावर विचारतात काय, तर होडी कशी वाटली!"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"विचारलं का त्यांनी? बोटीच तपासत बसले." त्यांनी मागे वळून पाहिलं. काका रिकाम्या पिशवीत कप जपून ठेवत येत होते. "आज मात्र बघत होते हो माझ्याकडे. इतके की चहा पिऊ देईनात."

जूनमध्ये ते गेले. आता माझे रविवार मोकळे असतात, मी हवा तितका लोळतो आणि मला ते अजिबात आवडत नाही. जाताना काकांनी चारही वह्या माझ्याकडे दिल्या, "तुम्हाला उपयोगी पडतील" म्हणून. त्या मी लाइफ जॅकेटच्या खाली, माळ्यावर ठेवल्या. परवा काढून शेवटचं पान पाहिलं. सुखाच्या रकान्यात दहापैकी दहा. चालीच्या रकान्यात गुण नव्हते, काकांच्या टोकदार अक्षरात एवढंच होतं, "बघायचं राहिलं." आणि त्याखाली, वहीत पहिल्यांदाच, काकूंचं बारीक अक्षर: "चहा गार होता. पुढच्या वेळी गरम हवा."