धार ते देवास, आणि सातची बस सातला सुटली!

देवासला जायचं मी ठरवलं, तेव्हा आमचे हे पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "बस भरल्याशिवाय हलत नाही. भाचीच्या साखरपुड्याचं आठवतंय ना?"

आठवतंय! पोचले तेव्हा पंगत उठली होती. आता तिचंच डोहाळजेवण. आमच्याकडे पहिली ओटी थोरल्या मावशीची, म्हणजे माझी, आणि ती बाराच्या आत. उशीर झाला तर दुसरी कुणी भरणार. भाड्याची जीप मिळत नव्हती, ह्यांना पीथमपुरात ड्यूटी.

पण माझी पोरगी रश्मी! कंडक्टरांना विचारविचारून तिनं सायबर कॅफेत बसून बसच्या वेळा नेटवर टाकल्यात. इंदूरला स्टँड बदलावा लागतो, तेही लिहिलंय. मला नेट कळत नाही, तोंड चालतं. भिशीत सगळ्यांना सांगून टाकलं, रविवारी इंदूरची सातची गाडी, जायचं असेल तर या.

रविवारी स्टँडवर गेले, तर बस रिकामी. ड्रायव्हर चहा पितोय.

"भिया, सात बजे की है ना?"

"भरेगी तब चलेगी, अम्मा."

"अम्मा किसको बोला रे!"

ओटीचा नारळ मांडीवर घेऊन बसले. सारखी घड्याळ बघत होते, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात भिशीतल्या चौघी आल्या. मागून दोन पोरं, कॅफेत वाचून आलेली. एक जोडपं, मग एक अख्खं कुटुंब डबे-पिशव्या घेऊन. जो तो विचारतोय, "सातवाली यही है?" बघता बघता उभं राहायला जागा नाही!

"आज किसकी बारात है?" म्हणत ड्रायव्हरनं चहा अर्धा टाकला. सातला गाडी हलली. आम्ही टाळ्या वाजवल्या, अगदी शाळेच्या सहलीसारख्या.

वाटेत घाटाबिल्लोदला गरम पोहे-जलेबी खा, पण खाली उतरू नका, खिडकीतूनच मागवा. इंदूरला रिक्शावाले अव्वाच्या सव्वा मागतात, शेअरमध्ये बसा. सगळं धरून जीपच्या भाड्याच्या निम्माही खर्च होत नाही.

देवासला बहिणीनं दार उघडलं ते जुन्या साडीत, हाताला पीठ.

"ताई, इतक्या लवकर कशाला आलीस?"

अख्ख्या जन्मात हे मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं! मी इतकी हसले की नारळ हातातून पडता पडता वाचला. पुऱ्या लाटल्या, गजरे केले, आणि पहिली ओटी मीच भरली. भाचीनं वाकून नमस्कार केला, तेव्हा मात्र हसू थांबलं.

संध्याकाळी घरी आले. ह्यांनी हळूच विचारलं, "मांडूची किती वाजता असते गं?"

"नेटवर बघा," म्हटलं.

तुम्हीपण बघा. पण नुसतं बघून गप्प बसू नका, चार जणींना सांगा. नाहीतर बसाल गाडी भरायची वाट बघत.